दमून आलेलं पाणी

दुपारी जेवून डाव्या कुशीवर पडलो आहे. पंख्याचा आवाज पाण्यासारखा होत चालला आहे, आणि नेमका कधी तो खरोखरच पाण्याचा होतो ते मला सांगता येणार नाही. पायाला ओली फरशी लागते तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभा असतो. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे. खिडकीपलीकडे शांतिनाथ मगदूम बसला आहे.

शांतिनाथ माझा शाळेपासूनचा मित्र. गावाबाहेरच्या माळावर त्यानं 'सागरलाट' नावाचं वॉटर पार्क काढलं होतं. सागर तिथून दीडशे किलोमीटर. पार्क बंद पडून अकरा वर्षं झाली, शांतिनाथला जाऊन चार. मेलेला माणूस हयातीचे दाखले तपासतोय याचं रांगेत कुणालाच काही वाटत नाही. मला वाटतं, पण माझा नंबर आलेला असतो.

"जिवंत हाईस?" तो विचारतो.

"अजून तरी."

"मग हे घाल." तो खिडकीतून निळी नायलॉनची चड्डी पुढे सरकवतो. पार्कचा नियमच होता, नायलॉनशिवाय पाण्यात पाऊल नाही. मी तिथे कितीतरी वेळा गेलो, पण दर वेळी लिंबाखाली बसून सगळ्यांच्या पिशव्या राखल्या.

तो हसतो आहे. तेच मला खटकतं. कारण त्याच्या पार्कला कुलूप लागलं ते माझ्यामुळे. दुष्काळाच्या साली, गावाला आठ दिवसांनी पाणी येत होतं तेव्हा, मी पेपरातल्या माझ्या सदरात टोपणनावानं लिहिलं की गावचं पाणी आधी सागरलाटच्या घसरगुंडीवरून घसरतं, मग दमूनभागून नळाला येतं, म्हणून धार बारीक. विनोद होता. गावानं बातमी म्हणून वाचला. तिसऱ्या दिवशी पार्कवर हंडा मोर्चा गेला आणि महिन्याभरात फाटक बंद झालं. खरं तर तिथे वर्षभर तेच ते पाणी गाळून फिरवत असत. शांतिनाथनं मला त्याबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नाही. लिहिणारा कोण हे त्याला माहीत होतं की नव्हतं, एवढंच मला कळायला हवं आहे. विचारायच्या आधीच तो गेला.

"चल, वर जाऊ," तो म्हणतो.

बँकेचा जिना चढता चढता निळ्या प्लॅस्टिकचा होतो. मध्यावरून खाली पाहतो तर लाटांचा तलाव, आणि त्यात चाळीसेक बायका, नऊवारी-सहावारीसकट. कडेला हंडे तरंगतायत.

"अगं सरक की, लाट आली," एक दुसरीला म्हणते.

"मोर्चावाल्या," शांतिनाथ सांगतो. "उनातनं चालत आलेल्या. म्हटलं, आधी आत या, मग बोला. दोन तास कुणी बोललंच न्हाई."

"आणि नायलॉन?"

"त्या दिवशी नियम वाळत घातला."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मोर्चाच्या दिवशी मी घरी पोट दुखण्याची व्यवस्था केली होती. इतक्या प्रेमानं तो हे दाखवतोय म्हणजे मला मऊ करतोय, असा माझा दाट संशय आहे.

घसरगुंडीच्या तोंडाशी तो मला बसवतो आणि स्वतः मागे उभा राहतो. मागे उभा राहिलेला माणूस मला आवडत नाही.

"शांत्या, तो लेख माझा होता."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"छापून आला त्या सकाळपासनं. दमूनभागून नळाला येतं, हे कोण म्हणालं हुतं वामन्या? आठव."

आठवतं. पार्कात नायलॉनचे कपडे भाड्यानं द्यायच्या खिडकीमागे तो बनियनवर बसलेला, आणि ते वाक्य ऐकून माझ्या नाकातून चहा आलेला. मी घरी जाऊन ते लिहिलं आणि पुढे अकरा वर्षं माझंच समजलो.

"वाक्य माझं, पार्क माझं," तो म्हणतो. "खाली नाव मातुर तुझं. ते बी खोटं."

"एवढाच राग?"

"आणि कशाचा असंल?"

"पार्क बंद पडल्याचा."

तो खाली तलावाकडे बघत राहतो. बायका हसतायत. "त्याचं येगळं," तो हळूच म्हणतो, आणि शिट्टी फुंकतो. "चला, टाइम झाला."

पाठीवर त्याचा हात पडतो. तो ढकलतोय की सावरतोय हे कळायच्या आत मी घसरतो.

पंखा. चादर. माझी बायको सुमती चहा घेऊन उभी आहे. मी कप धरतो तशी ती माझ्या हाताकडे बघते.

"पाण्यात बसला होता की काय?"

दहाही बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली आहेत.

"वयानं होतं," मी म्हणतो.

"जेवताना नव्हतं ते," ती म्हणते आणि आत जाते.

मी कप खाली ठेवून कागद घेतो. पेन बोटांतून सटकतं आहे, तरी लिहितो. ते वाक्य शांतिनाथ आदगोंडा मगदूम यांचं होतं. मोर्चा माझा होता.