झाकण न उघडलेला डबा

हृदयरोगाच्या इस्पितळात तळमजल्यावर, औषधांच्या कोठाराला लागून, संगणकांची खोली होती. तिथल्या माणसाला सगळे झाकणकाका म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. कुणी ‘बॅकअप झाला’ म्हटलं, की काका विचारत, “झाकण उघडून बघितलंस का? डबा जड लागला म्हणजे आत जेवणच असेल असं नाही.”

त्यांचं काम सांगायला सोपं, करायला चिवट. एका दणकट सर्व्हरच्या पोटात बरेच संगणक नांदत. व्हर्च्युअल मशीन म्हणतात ती. त्यांना ना पेटी ना तारा, नुसत्या मोठाल्या फायलींत त्यांचा संसार. कुणी औषधांचा साठा सांभाळी, कुणी रुग्णांची नोंदणी, आणि एक मशीन रुग्णांच्या हृदयाच्या चित्रफिती जपत असे. या साऱ्यांच्या रोज प्रती निघत, तोच बॅकअप. दर शुक्रवारी जेवणानंतर काका त्यातली एक प्रत घेऊन ते मशीन रिकाम्या कोपऱ्यात पुन्हा उभं करत, आतलं काहीतरी उघडून बघत. मगच चहा.

अपवाद फक्त चित्रफितींच्या मशीनचा. ते एवढं अवाढव्य, की पूर्ण उभं करायला जागाच नव्हती. काका त्याची पहिली डिस्क तेवढी लावत, मशीन सुरू होतंय एवढं बघत आणि समाधान मानत.

त्या मशीनला तीन डिस्क होत्या. मागच्या दोन काकांनीच जोडून एक केल्या होत्या. प्रत्येक चित्रफीत थोडी या डिस्कवर, थोडी त्या डिस्कवर अशी विखरून बसे. पुढे एकदा प्रत काढताना शेवटची डिस्क अडखळली आणि ऐन तपासणीत पडदा गोठला. डॉक्टरबाई खाली येऊन चार शब्द सुनावून गेल्या. तेव्हा काकांनी त्या डिस्कवर ‘हिला वगळ’ अशी खूण केली. तात्पुरती. तिची वेगळी सोय लगेच करायचीच होती. पण त्याच आठवड्यात त्यांचे थोरले भाऊ गेले. काका कामावर परतले तेव्हा बॅकअपच्या अहवालात नेहमीसारखी हिरवी खूण होती. वगळ म्हटलेलं इमानदारीनं वगळलं, म्हणून काम यशस्वी! हिरव्या खुणेला कोण कशाला हटकतंय?

आणि मग एका सकाळी साऱ्या डिस्क ज्यात असत ते कपाटच बंद पडलं. मूळ डिस्क सगळ्या गेल्या. नवं कपाट आलं, प्रतींवरून एकेक मशीन उभं राहिलं. चित्रफितींचंही सुरू झालं.

“काका, जिंकलो!” त्यांचा सहकारी दाढीवाला म्हणाला.

“एक फीत उघड आधी.”

ती उघडेना. दुसरीही उघडेना. काकांनी डिस्कची यादी काढली. तीनच्या जागी दोन. त्यांनी बोटानं पुन्हा मोजल्या.

“निम्म्या फिती तरी मिळतील ना?” दाढीवाल्यानं विचारलं.

“फाटकी चादर अर्धी तरी पांघरता येते रे. हे विणकाम आहे. एक टाका इथं, एक तिथं. त्यातलं काहीच अंगावर घेता येत नाही.”

काका जिना चढून डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंसमोर एका लहान मुलीची फाइल होती.

“बरं झालं आलात. हिची गेल्या वर्षीची फीत हवीय. झडप तेव्हापासून बिघडत चालली असेल तर याच आठवड्यात छाती उघडायची. नसेल, तर लेकराला उगाच का कापू?”

“बाई, फीत नाही. कुणाचीच नाही. ती डिस्क मीच वगळली होती आणि विसरलो. यंत्राचा यात दोष नाही.”

बाईंनी समोरची खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, “बसा आधी. घरी सोडताना आपण सीडी देतो. बघा कुणी ठेवलीय का.”

काकांनी पहिला फोन त्या मुलीच्या आईला केला.

“सीडी? ती हो... गॅलरीत टांगलीय. कबुतरांनी नुसता उच्छाद मांडलाय, चमकतं बघून येत नाहीत मेली.”

“पुसू नका. आहे तशी घेऊन या, ताई.”

आई आली, मुलगीही आली. सीडी उन्हानं फिकी पडली होती. नव्या संगणकांनी तिला ओळखच दाखवली नाही. नोंदणीच्या खिडकीतल्या जुन्या खोक्यानं मात्र कुरकुरत आत घेतली. तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा काकांनी त्यावर हात ठेवला. मुलगी म्हणाली, “तुमचा कॉम्प्युटर म्हाताराय का हो?”

“माझ्याहून बरा आहे,” काका म्हणाले.

काही फिती वाचल्या गेल्याच नाहीत. झडपेची निघाली. बाईंनी जुनी आणि नवी शेजारी शेजारी लावल्या. पुन्हा पुन्हा पाहिल्या.

“फरक नाही. आत्ता ऑपरेशन नको.”

आईनं पदर तोंडाला लावला. जरा वेळानं सावरून तिनं विचारलं, “मग ही परत गॅलरीत लावू?”

“लावा खुशाल. आतलं मी उतरवून घेतलंय,” काका म्हणाले.

बाकीच्या घरांतून काही सीड्या आल्या. पुष्कळशा आल्याच नाहीत. घर बदलताना गेलेल्या, कचऱ्यात गेलेल्या. काका त्या प्रत्येक घरी स्वतः फोन करत, चूक माझी आहे असं सांगत आणि पलीकडचं ऐकून घेत. काहींनी फोन आपटला. एका म्हाताऱ्या बापाला मुलाची आठवण म्हणून इस्पितळातली ती फीतच काय ती उरली होती. ‘बरं,’ म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्या आठवड्यात दाढीवाल्यानं त्यांना झाकणकाका म्हटलं नाही.

शुक्रवार आला. बाईंनी भांडून मिळवलेल्या जागेत काकांनी चित्रफितींचं मशीन नव्या प्रतीवरून पूर्ण उभं केलं, तिन्ही डिस्कसकट. मुलीची फीत उघडली. पूर्वी इतर मशीनमधलं काही उघडलं की काका लगेच बंद करत. या वेळी बसून राहिले. पडद्यावरची ती इवलीशी झडप उघडत होती, मिटत होती. फीत संपेपर्यंत ती त्यांनी पाहिली आणि मग दुसरी लावली.