चाळणी मॅडम आणि ताईचा अहवाल

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली आहे. तिचं दार ढकललं की ते फरशीला घासून ओरडतं. बावीस वर्षं ते ओरडतंय आणि बावीस वर्षं मॅडम म्हणतायत, "उद्या सुताराला सांगते." सांगत मात्र नाहीत. दाराच्या आवाजावरून कोण आलं ते मान वर न करता कळतं ना! बिनधास्त माणूस दार धाडकन उघडतो. घाबरलेला हळूच ढकलतो, आणि त्याच्या नशिबी ते दुप्पट ओरडतं.

या मॅडमना मुलं पाठीमागे 'चाळणी' म्हणायची. मॅडमना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं. कुणी काहीही लिहून आणा, त्यांच्या हातून गेलं की खडे वर राहायचेच.

आता ही मुलं शिकतात तरी काय, ते सांगून टाकलेलं बरं. शाळेत एखाद्या पोराला वाचता येत नाही, दुसरं कुणाशी बोलतच नाही, तिसरं दर सोमवारी पोट धरून बसतं. शाळा म्हणते घरी कुणी बघत नाही, घरचे म्हणतात शाळेत कुणी शिकवत नाही. मधल्यामध्ये पोर. तर त्या पोराशेजारी बसून खरं काय ते शोधायचं आणि दोन्हीकडच्यांना समजेल असं सांगायचं. याला शालेय मानसशास्त्र असं भारदस्त नाव आहे, आणि पहिली पदवी घेऊन झाली की पुढे दोन वर्षं ते शिकावं लागतं.

मॅडम स्वतः आधी एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायच्या. टेबल पाण्याच्या नळाजवळ. वर्गाबाहेर काढलेली पोरं तिथे येऊन पाणी प्यायची. एक पोरगा तासाभरात पाच वेळा आला. मॅडमनी विचारलं, "तहान लागलीय, की वेळ घालवायचाय?" तो म्हणाला, "वेळ." इतकं सरळ उत्तर त्या ऑफिसात तोवर कुणी दिलं नव्हतं. त्या पोराला असं कुणीतरी विचारायला हवं होतं आणि ते काम कुणाचंच नव्हतं, हे मॅडमच्या मनात जे बसलं ते बसलंच. दोन लेकरं पदरात असताना, पस्तिशीत, बाई पुन्हा कॉलेजात गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "लोकांची पोरं शोधायला निघालीस, आधी आपली दोन कुठे उंडारतायत ते बघ." पण डबे भरून द्यायच्या त्या सासूबाईच. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणाला, "तू डोक्याच्या आतलं बघ, मी बाहेरचं बघतो. धंदा घरातच राहील."

त्या वर्षीच्या मुलांमध्ये एक ताई होती. नऊ वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवून मग पुढे शिकायला आलेली. बाकीची बावीस-तेवीसची, ही तेहतीसची, म्हणून सगळ्यांची ताई. तिला बघितलं की पोरं चिकटायचीच. रुसलेलं पोर दोन मिनिटांत हिच्या ओढणीशी खेळायला लागलेलं असायचं. मॅडमना तिचं कौतुक होतं, तशी थोडी काळजीही होती. कारण या कामात एक गंमत आहे. चाचणी घेताना माणसानं अगदी कोरं व्हायचं असतं. उत्तर बरोबर आलं तरी "अरे वा" नाही, चुकलं तरी भुवई हलवायची नाही. सांभाळायची ती पोराची भीती. उत्तर सांभाळायचं नाही.

म्हणूनच चाचणीच्या खोलीला एक काच आहे. आतून आरसा दिसतो, बाहेरून खिडकी. बाहेरच्या खुर्चीवर शिकवणाऱ्यानं बसून बघायचं, असा नियम. त्या सोमवारी ताईची पाळी होती, आणि मॅडम खुर्चीवर नव्हत्या. त्यांना खालच्या मजल्यावर बैठकीला बोलावलं होतं. विषय काय, तर नवं झेरॉक्स मशीन कुठल्या कोपऱ्यात ठेवावं. दीड तास चर्चा झाली आणि मशीन जुन्याच कोपऱ्यात राहिलं.

समोर होती आठ वर्षांची एक मुलगी. तिची आई कपडे इस्त्री करायच्या दुकानात कामाला. शाळेचं म्हणणं होतं की मुलगी वाचत नाही, लक्ष देत नाही, आळशी आहे. शाळेत वाचायला मागे पडलेल्या सहा मुलांचा एक छोटा वर्ग चाले आणि त्यात एकच जागा रिकामी होती. ती कुणाला द्यायची ते शुक्रवारी ठरायचं होतं.

मंगळवारी ताईनं अहवाल आणला. दार अगदी बेताचं ओरडलं. खुशीत होती.

"मॅडम, चांगली बातमी. वाचन वयाप्रमाणे आहे. काहीही अडचण नाही."

"काहीच नाही?"

"एकशेवीसपैकी शंभर शब्द वाचले तिनं. घाईत असते, एवढंच."

मॅडमनी शाळेचं पत्र पुन्हा काढलं. वर्गशिक्षिकेनं लिहिलं होतं, 'एक ओळही सरळ वाचत नाही.' एक ओळ न वाचणारी मुलगी सोमवारी शंभर शब्द कुठून घेऊन आली? ताई गेल्यावर मॅडमनी चाचणीचं रेकॉर्डिंग लावलं. शेजारी कुणाचा तास चालू होता म्हणून आवाज बंद केला. आणि आवाज बंद केला म्हणूनच दिसलं.

मुलगी शब्दांच्या कागदाकडे बघतच नव्हती. ती बघत होती ताईच्या तोंडाकडे. ताईचे ओठ हलत होते. मुलीच्या तोंडून शब्द येण्याआधी, अगदी जरासे, पहिलीच्या बाईंचे हलतात तसे. नऊ वर्षं तीस-तीस पोरांच्या तोंडात अक्षरं भरवलेली. लहान बाळाला भरवताना आईचंही तोंड उघडतं ना, अगदी तसं. ताईला बिचारीला पत्ताही नव्हता.

या अहवालावर सही झाली की मुलगी शहाणीसुरती ठरणार, जागा दुसऱ्याला जाणार, आणि आणखी एक वर्ष तिला सगळे आळशी म्हणणार. आता तर कागदाच्या आधारानं म्हणणार.

त्यांनी ताईला परत बोलावलं. रेकॉर्डिंग लावलं, आवाज बंद ठेवूनच. पहिलं मिनिटभर ताई बघत राहिली. मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"मी सांगत होते तिला."

"हो."

"मॅडम, मला खरंच कळलं नाही."

"तुला कसं कळेल? स्वतःचं तोंड कुणाला दिसतं? ते दिसावं म्हणून बाहेर खुर्ची ठेवलीय, आणि खुर्चीवरची बाई झेरॉक्सची जागा ठरवत होती. अर्धी चूक माझ्या नावावर घाल."

"पुन्हा चाचणी घेऊया. उद्याच. तुम्ही घ्या."

हीच तर अडचण होती. ती चाचणी वर्षभर पुन्हा घेता येत नाही आणि तिचा दुसरा संच कॉलेजकडे नव्हता. संध्याकाळी मॅडम घरी गेल्या तरी चेहरा उतरलेलाच. नवऱ्यानं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"वर्षभर का नाही?" नवरा म्हणाला. मग स्वतःच हसला. "हं, कळलं. आमच्याकडे एक काका येतात. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं पाठ आहेत त्यांना. डोळे मिटून म्हणतात आणि वर, नंबर वाढलाच नाही म्हणून मिरवतात."

"मग त्यांचा खरा नंबर कसा काढतोस?"

"तक्ता सोडून देतो. पेपर हातात देतो, दुकानाबाहेरची पाटी दाखवतो, चालताना बघतो. वेळ जातो, पण कळतं."

आतून सासूबाई ओरडल्या, "आणि एवढं करून काका पैसे पुढच्या महिन्यात देतात, तेही सांग तिला!"

बुधवारी सकाळी ताई आली ती राजीनामा दिल्यासारखी. डोळे सुजलेले. "मॅडम, मी शाळेतच बरी होते. पहिलीच्या बाईनं इकडे यायलाच नको होतं."

"रडून झालं असेल तर बस," मॅडम म्हणाल्या. "हे सत्र तुला पुन्हा करावं लागणार, ते मी लपवत नाही. पण ते तुझं झालं. मुलीचं शुक्रवारी आहे. दोन दिवस तिच्या वर्गात जाऊन बस. चाचणी नाही, शिकवायचं नाही, मदत करायची नाही. नुसतं बघ. आणि तोंडावर रुमाल धरलास तरी चालेल."

ताईला हसू आलं, तेवढंच.

दोन दिवस ती मागच्या बाकावर बसली. वाचताना मुलीची पाळी आली की मुलगी पेन्सिल पाडायची, पाणी मागायची, नाहीतर शेजारणीकडे बघायची. शेजारणीशी गट्टी होती. ती कुजबुजायची, ही मोठ्यानं म्हणायची. वर्गशिक्षिकेला ऐकू जायची ती नुसती बडबड. हे सगळं बघितलं, पण यावर कुणीही म्हणालं असतं, मस्ती करते म्हणून. गुरुवारी दुपारी वर्ग खेळायला गेल्यावर ताईनं वर्गशिक्षिकेला विचारून दोघींच्या वह्या मागून घेतल्या. नऊ वर्षांत तिनं किती हजार वह्या तपासल्या असतील देव जाणे. बोटं सवयीनं चालायला लागली. आणि एका पानावर थांबली.

संध्याकाळी मॅडमच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

शुक्रवारी शाळेच्या ऑफिसात टेबलाभोवती मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, मुलीची आई, मॅडम आणि ताई. आई कामावरूनच आली होती, बाहीवर इस्त्रीचा डाग होता. खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती, कुणी ऊठ म्हटलं तर पटकन उठता यावं म्हणून.

मुख्याध्यापक म्हणाले, "चाचणीचा आकडा सांगा. दोन मुलांची नावं आहेत, मला तुलना करायची आहे."

मॅडमनी ताईकडे बघितलं.

"आकडा नाही," ताई म्हणाली. "चाचणी मी घेतली आणि ती माझ्या चुकीनं वाया गेली. मुलीला मी नकळत उत्तरं दाखवली. तो आकडा मी इथे ठेवला तर मी खोटं बोलले असं होईल."

"मग आपण इथे जमलोय कशाला?" वर्गशिक्षिकेनं घड्याळ बघितलं.

ताईनं दोन वह्या शेजारी शेजारी उघडल्या. "या एका बाकावरच्या दोघींच्या. शेजारणीनं 'पाऊस' चुकीचा लिहिलाय, हिनंही तसाच. इथे शेजारणीनं एक ओळ गाळलीय, हिचीही तीच गाळलेली. आता ही चार पानं बघा."

चार दिवस शेजारणीची वही कोरी होती. आजारी होती ती. आणि त्याच चार दिवसांत मुलीच्या वहीत एक अक्षर नव्हतं. होती ती फुलं, घरं, एक लांब शेपटीची मांजर. सुरेख काढलेली.

वर्गशिक्षिकेनं वही ओढून घेतली. तारखा पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. "त्या दिवसांत मी तिला बाहेर उभं केलं होतं," ती हळूच म्हणाली. "चित्रं काढते म्हणून."

"ती आळशी नाही," ताई म्हणाली. "वाचणाऱ्यापेक्षा दुप्पट मेहनत करते. माझं तोंड बघते, मैत्रिणीचं बघते, तुमचंही बघत असेल. सगळं सगळं वाचते ती, फक्त अक्षरं तेवढी वाचता येत नाहीत."

मॅडमना वाटलं, वाक्यात एक 'सगळं' जास्तीचं आलंय. पण चाळणी त्या दिवशी घरीच राहिली होती.

मुख्याध्यापकांनी बराच वेळ वह्या चाळल्या. मग म्हणाले, "दुसरा मुलगा आकड्यात थोडाच मागे आहे, त्याला पुढच्या सत्रात घेता येईल. ही जागा हिला. पण सहा आठवड्यांनी मला कळलं पाहिजे, फरक पडतोय की नाही. आणि तेव्हा चाचणी वाया गेली असं ऐकायला लावू नका."

"वाचनवर्गाच्या बाईंबरोबर बसून मीच कळवीन," मॅडम म्हणाल्या.

सगळे उठायला लागले. आई मात्र उठली नाही. ती ताईला म्हणाली, "त्या दोघींना आता वेगळं बसवणार का हो?" मग घाईनं, "शिक्षा म्हणून नाही विचारत. पण घरी आल्यावर ती त्या एका मैत्रिणीचंच नाव घेते. शाळेत जाते तीच तिच्यासाठी."

मॅडमच्या ओठांवर उत्तर तयार होतं. नियमाचं, पुस्तकातलं, अगदी बरोबर. त्यांनी ते गिळलं आणि पर्स उगाचच उघडून चष्म्याचं घर शोधायला लागल्या.

ताई आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. वर्गशिक्षिकेकडे बघून म्हणाली, "बाक तोच राहू दे ना, बाई? फक्त एक करू. दिवसातून दहा मिनिटं चित्रं हिनं काढायची आणि शेजारणीनं बघून काढायची."

वर्गशिक्षिकेनं मांजरीचं पान अजून उघडंच धरलं होतं. "शेपटी तरी जमेल का तिला ही," ती म्हणाली, आणि आई पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसली.