पप्पांची दुपारची झोप

खण आवरताना जुना हेडफोन सापडला. त्याचा झडलेला काळा स्पंज बोटांना चिकटला आणि मला कासारवाडीची आमची खोली आठवली.

पप्पा कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होते, पत्रे ठोकणाऱ्या धडधडत्या मशिनवर. थर्ड शिफ्ट करून आले की दिवसा झोपायचे, तेव्हा घरात चमचासुद्धा वाजलेला चालत नसे. त्यामुळे लॅपटॉपवर केलेलं माझं संगीत माझ्याच कानात राहायचं. तसंही ते कुणाला ऐकवायची माझी हिंमत नव्हती.

एका दुपारी वायरीत पाय अडकला, पिन निसटली आणि माझा धडधडता ठेका खोलीभर घुमला. त्यात लॅपटॉप हँग. घाबरून मी बटणं दाबत सुटले. पप्पा मात्र घोरतच होते. शेवटी एकदाचा तो बंद पडला आणि ते ताडकन उठून बसले.

"बंद का केलंस गं? मशिन थांबलं की जाग येते मला."

"पप्पा, ते गाणं होतं. मी केलेलं."

"मग चालू ठेव की," म्हणत ते कुशीवर वळले. माझा जीव भांड्यात पडला.

आता ते रिटायर झालेत, आणि झोप उडालीये. आताही आतून हाक आली, "अगं, ते तुझं लाव ना जरा."

हेडफोन कचऱ्यात टाकला, माझा तो ठेका लावला आणि आवाज वाढवला.