कुसाबाईची काळी एक

आमच्या मखमलाबादच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी बायकांचं भजन असतं. पेटीवर कुसाबाई. तिचा नवरा धोंडीराम भजनं म्हणायचा. त्याचा पेटीवाला मालेगावला राहायला गेला, तेव्हा त्याने बायकोलाच पेटी शिकवली. पण एकच पट्टी, काळी एक. त्याचा गळा तिथं लागायचा, म्हणून पेटीचा सा तिथं. बाकीच्या पट्ट्या त्याने शिकवल्या नाहीत, हिनेही विचारल्या नाहीत.

धोंडीराम वारला आणि कुसाबाई आमच्यात आली. आम्हा बायकांचे गळे वरचे. म्हणजे पेटी एका पट्टीत, आम्ही दुसरीत, दोन्ही एकदम. देव काय, जागचा हलत नाही. माणसं मात्र प्रसादाच्या वेळेलाच येऊ लागली.

पुष्कळ दिवस कुणी बोललं नाही. दत्तजयंतीला बाहेरची मंडळं येणार म्हटल्यावर तृप्ती, आमच्या मंडळाची म्होरकी, बोललीच.

"मावशी, जरा वरची पट्टी घ्या ना."

"मला नाही येत गं. तुम्हीच खाली या."

"खाली आमचा आवाज नाही, नुसता वारा निघतो!"

सगळ्या हसल्या. कुसाबाईही हसली.

तृप्ती वाईट नाही हो. तिने कुठूनशी स्केल चेंजर पेटी आणली. बोटं त्याच जागी ठेवायची, सूर तेवढा वर सरकतो. कुसाबाईने भाता मारला. बोट धोंडीरामच्या सा वर, आणि आवाज भलताच. तिने हात काढून घेतला.

"हा त्यांचा नाही," एवढंच म्हणाली आणि टाळ घेऊन मागे बसली. टाळाला पट्टी नसते.

परवा दुपारी तिच्याकडे गेले. जुनी पेटी वाजत होती, म्हणणारं कुणी नव्हतं.

"एकटीच काय वाजवतेस, कुसा?"

"मंदिरात वाजवताना ते म्हणत असल्यासारखं ऐकू यायचं गं. तुमच्या गोंगाटातसुद्धा यायचं. इथं घरात येत नाही."

मी भजन धरलं. गळा खाली जाईना, दुसऱ्या ओळीलाच वर सुटला.

"थांबू का?"

"नको. म्हण तू."

ती खाली, मी वर. डोळे मिटून ती ऐकत होती. भजन संपलं तरी भाता मारत राहिली.

"आले का गं?" मी विचारलं.

तिने नुसती मान हलवली. नाही.