काचेतलं खाजण

पेणच्या बाजारात धोंडुबाईच्या तोंडाला लागायला कुणी धजत नसे. खाडीकाठच्या मिठागरात उभा जन्म काढलेली बाई. पायांना मिठाने पडलेल्या भेगा, आणि जिभेला धार. तिने एकदा ‘नाय’ म्हटलं की घरात त्यावर अपील नव्हतं. हीच बाई शहाण्णव सालच्या चैत्रात, रोह्याला लेकाच्या भाड्याच्या खोलीत, बोटभर माशापुढे हात जोडून बसली होती, आणि त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

सून पूजा खाटेवर होती. सातवा महिना. उठायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. आदल्या वर्षी तिचं पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा मिठाचा हंगाम ऐन भरात होता. “आई, पोटात दुखतंय, आज टोपली नको,” असं पूजा म्हणाली होती. “आमी काय पालखीत बसून पोरं काढली?” एवढंच सासूने विचारलं, आणि पूजाने मुकाट्याने मिठाची टोपली डोक्यावर घेतली. पुढे जे व्हायचं ते झालं. आळीतल्या बायका म्हणाल्या, हिच्या पोटात जीव टिकत नाय. धोंडुबाईने ते ऐकलं आणि गप्प बसली. गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं, तरी बसली. पूजाने मात्र ते खरं धरलं.

या वेळी मितेश बायकोला आपल्याजवळ रोह्याला घेऊन आला. तो धाटावला कंपनीत शिफ्टला जाई, म्हणून सुनेजवळ धोंडुबाई येऊन राहिली. पूजा दिवसभर भिंतीकडे बघत पडे. जेवण नको, बोलणं नको. एकदाच म्हणाली, “आई, खाडी बघावीशी वाटते.”

खाडी कुठून आणायची? पण खोली सोडून गेलेल्या भाडेकरूची माशांची काचेची पेटी मोरीजवळ धूळ खात होती. धोंडुबाईने ती घासूनपुसून खिडकीत ठेवली. मितेशला गावी पिटाळून खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतला चिखल, तिवराची रोपं, काठावरचं गवत आणि कॅनभर खाडीचं पाणी मागवलं. एसटीत त्या वासाने कंडक्टरने त्याचा उद्धार केला तो वेगळाच. पेटीच्या एका अंगाला तिने चिखलाचा उतार केला. मागच्या काचेला काठावरून सुतळीने करवंट्या लोंबत्या बांधल्या, त्यांत चिखल भरून रोपं लावली. मुळं पाण्यात, पानं वर वाऱ्याला. शेवटी तिने चिखलाबरोबर आणवलेली निवटी सोडली. चिखलावर सरपटणारा, बेडकासारखे डोळे वर काढणारा खाडीतला मासा तो. निवटी उतारावर चढून टकमक बघायला लागली आणि पूजा कितीतरी दिवसांनी हसली.

मग हळूच म्हणाली, “आई, ही जगली ना, तर माझं पण जगेल.”

माशाला काय कळतं गो, असं म्हणायला धोंडुबाईने तोंड उघडलं, पण सुनेचा चेहरा बघून मिटून घेतलं.

उन्हाचा ताव वाढला तसं पेटीतलं पाणी आटायला लागलं. “आई, माठातलं घालता का थोडं?” पूजाने विचारलं.

“खबरदार! गोड्या पाण्याचा थेंब नाय पडला पायजे.”

मिठागरात गोडं पाणी म्हणजे वैरी. अवकाळीची एक सर आली की पिकलेलं मीठ डोळ्यांदेखत विरघळून जायचं, आणि धोंडुबाई आभाळाला शिव्या घालायची. मिठाच्या वाफ्यातलं पाणी उतरलं की खाडीचंच घ्यायचं, हे तिच्या हाताला ठाऊक. पाणी उतरलं की ती कॅन कलती करी.

आधी तिवराची पानं कडेने करपली. मग निवटी खायची थांबली. एका दुपारी ती चिखलावर येऊन आडवी झाली, पाण्यात जाईना. पूजाने पोटावर हात ठेवला तो काढेना. “आई, ती मरते. आज हालचाल पण जाणवत नाय मला.”

धोंडुबाई घाबरली. तिने देवीला नारळ बोलला, दोन्ही हात जोडले. माशाने कूस बदलली नाही. काय करावं सुचेना, म्हणून ती उगाच काच पुसायला लागली. पाण्याच्या वर काचेवर पांढरी रेघ धरली होती. सवयीने तिने बोट फिरवलं आणि तोंडात घातलं. मग पेटीतलं पाणी चाखलं. जीभ कडू झाली. मीठ पडायच्या आधी वाफ्यातलं पाणी असतं, तसलं. पाणी उडून जात होतं, मीठ मागे राहत होतं, आणि वरून ती आणखी खारं ओतत होती. मिठागरातल्या बाईला हे कुणी शिकवायला हवं होतं?

गुपचूप पाणी बदलावं, मासा उठला तर देवी पावली म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पूजा बघत होती.

धोंडुबाईने लोट्याने खारं पाणी उपसलं आणि माठातलं गोडं, हलक्या हाताने, करवंट्यांवरून ओतत राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग निवटीने कल्ले हलवले, ती सरपटत उतार उतरली आणि डोळे वर काढून पाण्यात बसली. पूजा एकदम दचकली. “आई, लाथ मारली!” म्हणाली आणि रडायला लागली.

रडं ओसरल्यावर तिने विचारलं, “काय झालेलं हो तिला?”

“मी मारत होते तिला. तू माठातलं पाणी घाला म्हणालीस, मी ऐकलं नाय.”

“म्हणजे ती मरत होती, त्यात माझ्या पोटाचा दोष नव्हता?”

धोंडुबाई तिच्याजवळ खाटेवर बसली.

“नाय गो बाय,” ती म्हणाली. “मागच्या खेपेला पण नव्हता.”