साडेदहा पौंडांचं कौतुक

रिओ ग्रांदे नदीच्या टेक्सासकडच्या काठावरल्या वस्तीत ओफेलिया आरोग्यसेविका होती. दुसऱ्याचा फ्रिज उघडून पाहायचा हक्क तिला कुणी दिला नव्हता; तिनं तो घेतला होता. पोटुश्या बाईच्या रक्तात साखर निघाली, की ओफेलिया त्या घराच्या राशीलाच बसे.

येसेनियाच्या घरी तिची गाठ पडली सासूशी, कूकाशी. डोहाळे अपुरे राहिले तर बाळाच्या अंगावर डाग उठतो, यावर कूकाची देवाइतकीच श्रद्धा. म्हणून सुनेसाठी रोज साखर भुरभुरलेले गोड पाव यायचे. ओफेलिया समोर बसून ते स्वतःच फस्त करायची.

"डाग माझ्या अंगावर उठू दे," ती म्हणायची, "जागा भरपूर आहे."

पण तिची पाठ वळली की उशीखालून दुसरे पाव निघत. साखर काही उतरली नाही.

मुलगा झाला साडेदहा पौंडांचा, जवळजवळ पावणेपाच किलोंचा. कूकानं निम्मी वस्ती इस्पितळात गोळा केली. "माझ्या पावांची पुण्याई," असं ती पाहुण्यांना, पहारेकऱ्याला, इतकंच काय, लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही सांगून आली. शिवाय पोर इतकं गुणी, की दूधही न मागता झोपून राहिलं होतं. नर्स टाचेला सुई टोचून साखर बघायला दुसऱ्यांदा आली, तेव्हा कूका पाळण्याला आडवी झाली. मघाची साखर चांगली निघाली होती ना, मग निजलेल्या लेकराला पुन्हा कशाला टोचायचं? बाळंतिणीचं सासूपुढे काही चालेना.

तेवढ्यात ओफेलिया आली. तिनं बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. बाळ रडलं नाही. हात नुसते थरथरले.

ओफेलिया कूकाशी भांडत बसली नाही. थैलीच्या तळातून तिनं एक जुना फोटो काढला. आजवर तो तिनं कुणाला दाखवला नव्हता.

"अगं बाई, काय गुटगुटीत!" कूका म्हणाली. "तुझा?"

"माझा थोरला. अकरा पौंड. असाच शहाण्यासारखा झोपला होता. आम्ही म्हटलं, झोपू दे."

"आता केवढा झालाय?"

"एवढाच आहे."

ओफेलिया हळू आवाजात म्हणाली, "पोटात त्याला आईची साखर मिळत होती, कूका. नाळ कापली, ती थांबली. पण त्याचं अंग अजून साखर जाळतंच आहे. तो गुणी नाही गं. त्याच्यात रडायचंही बळ उरलेलं नाही."

कूका बाजूला झाली. दुपट्याची घडी तिनंच सोडली आणि ती इवलीशी टाच नर्सपुढे धरली.

साखर फार खाली गेली होती. नर्सनं गालाच्या आत गोड औषध चोळलं, येसेनियानं छातीशी धरून पाजलं, नर्सनं पुन्हा टोचलं, आईनं पुन्हा पाजलं. दुपार उलटता उलटता बाळानं असा टाहो फोडला, की शेजारच्या खोलीतली बाई तक्रार घेऊन आली.

"एवढा मोठा घसा कुणाचा घेतलाय यानं?" ओफेलियानं विचारलं.

"माझा," कूका डोळे पुसत म्हणाली. "गप्प करू नका कुणी त्याला."