न जेवलेले सात पाहुणे

उस्ताद पायंदा परक्यांचा हेर आहे, असं आमच्या वरच्या वस्तीत सगळे कुजबुजायचे. काबूलच्या विद्यापीठात तीस वर्षं शिकवून माणूस पक्तियाच्या या डोंगरात परत येतो, आणि दिवसभर वहीत काय लिहितो? न्हावी तर वस्तरा थांबवून, आवाज पार घशात नेऊन सांगायचा, "सगळ्यांची नावं आहेत त्यात. सगळ्यांची."

नावं होती, हे खरं. हेरगिरी नव्हती. कोण कोणाच्या मयताला गेलं, कोणी कोणाच्या घरची रोटी मोडली आणि कोणी नाही, एवढंच उस्ताद लिहीत. आपल्याच अफगाण माणसांच्या रीतिभाती टिपण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

या वसंतात पाटाच्या पाण्यावरून खालच्या वस्तीशी वाजलं. जिरग्याच्या पंचायतीतल्या बुजुर्गांनी दोन्ही वस्त्यांच्या मधे दगड ठेवला: अक्रोड झोडपेपर्यंत कोणी बंदूक उचलायची नाही. उस्तादांचे थोरले भाऊ, आमच्या वस्तीचे मलिक म्हणजे मुखिया तोरगुल, निर्धास्त झाले. त्यांच्या मुलाची, बरियालची, वरात दोन दिवसांनी खालच्या दरीतून जायची होती, म्हणून त्यांनी तिथल्या सात जणांना जेवायला बोलावलं.

सातही आले. हुजऱ्यात, पाहुण्यांच्या बैठकीत, बंदुका खुंटीला टांगल्या, गोड गोड बोलले. पुलावाचं थाळं मधे आलं. एकाची दाढ ठणकत होती. दुसऱ्याचा नवसाचा रोजा होता. तिसरा पोट चोळत कण्हला, "मलिकसाहेब, बकरीचं दूध बाधलं हो." उरलेले चौघे भात नुसता चिवडत राहिले.

वाढायला मी होतो; पाहुणे गेल्यावर मी त्या बकरीच्या दुधाची अशी नक्कल केली की हुजऱ्यातली सगळी मंडळी लोळली. उस्ताद मात्र थाळ्याकडे बघत होते. भाताचा ढीग जसाच्या तसा.

"लाला, वरात दरीतून नेऊ नकोस," ते थोरल्या भावाला म्हणाले. "मीठ पोटात गेलं की हात बांधले जातात. यांना हात मोकळे हवेत."

"मग काय पाहुण्याला विचारू, का जेवला नाहीस म्हणून? त्यापेक्षा माझी दाढी कापून हातात दे. आणि मधे दगड आहे ना?"

"घरून चापून आले असतील, काका," मी मधेच तोंड घातलं. "दरीत काळं कुत्रंही नसणार. पैजेला माझा चकोर."

"माझं पेन," उस्ताद म्हणाले आणि उठून एक पिवळी पडलेली वही घेऊन आले. ही त्यांची पहिली वही. "एकतीस वर्षांपूर्वी. हाच हुजरा, चार पाहुणे. कोणी जेवलं नाही. बाबांनी विचारलं नाही. चौथ्या दिवशी बाबांना आपण दरीतून खाटेवर आणलं, लाला. पुढचा खांदा तुझा होता. तेव्हापासून लिहितोय मी."

मलिकांनी पगडी सोडली, पुन्हा बांधली. बराच वेळ लावला.

"लांबच्या वाटेने," एवढंच बोलले.

ढोल बंद ठेवून वरात डोंगराला वळसा घालून गेली. बरियाल घोडीवर रुसून बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी दरीत उतरलो, पेन खिशात पडल्याच्या तोऱ्यात. वाटेच्या वर, खडकांमागे, सात जागी गवत दबलं होतं. सुक्या तुतींची देठं पडली होती, आणि एक न उडालेलं काडतूस.

चकोराचा पिंजरा मी उस्तादांच्या उंबऱ्यावर ठेवला. त्यांनी वहीतून मान वर काढली नाही.

"दाणा तूच घालत जा," म्हणाले. "आणि एखाद दिवशी त्याने टिपला नाही, तर मला लगेच सांग."